उभ्या माणसांचे साहेब

आमच्या कागलजवळच्या कारखान्यातले वेल्फेअर ऑफिसर हे साऱ्या जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, की उभा माणूस दिसला की जे त्याच्यासाठी खुर्ची शोधायला धावायचे. राजारामपुरीतल्या दवाखान्यात येईल त्याला आपली खुर्ची देता देता स्वतःचा नंबर कधी गेला, हे त्यांना कळायचंही नाही. एका लग्नात ऐन मंगलाष्टका चालू असताना ते भटजींच्या कानाशी लागले, "नवरानवरीला बसू द्या की! उद्यापासनं हायच जन्मभर उभं ऱ्हाणं." नवरीचा मामा अंगावर धावून आला, तर त्यालाही त्यांनी खुर्ची पुढे केली.

याचं मूळ आमच्या मशिनशॉपमध्ये होतं. तिथं माणसं शिफ्टभर उभी. सुटताना बुटातून पाय काढणाऱ्यांचे चेहरे बघवायचे नाहीत. कंपनीने त्यांच्या स्वास्थ्यासाठी काय आणलं, तर रोज सकाळी सामुदायिक हास्य! "हसल्यानं गुडघं दुखायचं थांबत्यात व्हय, मॅनेजरसाहेब?" असं विचारून आमच्या साहेबांनी एकच धोशा लावला. कामाची मांडणी बदला, मशीन खाली घ्या, माणसाला स्टूल द्या. पुष्कळ वर्षं डोकं आपटल्यावर एका लाइनवर चाचणी मंजूर झाली. पुण्याहून मोठी मंडळी येऊन बघणार आणि पटलं तर सगळ्यांना स्टुलं मिळणार, असं ठरलं.

इथं कोल्हापुरी स्वभाव आडवा आला. पावणं येणार आणि कॅन्टीनला डाळभात? साहेबांनी जातीनं उभं राहून मटण करून घेतलं. आग्रह असा, की नको म्हणेल त्याच्या वाटीत दोनदा रस्सा. दुपारी मंडळी लाइनवर आली तेव्हा तांबडा-पांढरा चेपलेली आमची माणसं स्टुलांवर डुलत होती. एक तर चक्क घोरत होता. शेजारचा त्याला ढोसत होता, "उठ की लेका, पावणं आल्यात!" जांभया पाहुण्यांनाही येत होत्या, पण निकाल आमच्याच माणसांचा लागला. आठवडाभरात स्टुलं टेम्पोत चढली.

"माझ्याच हातनं घालवलं रं पोरांचं," एवढंच साहेब म्हणत. त्यांनी कॅन्टीनला जेवणंच सोडलं. सकाळच्या हास्यात मात्र नोकरी म्हणून हात वर करून हसायचे. ते हसणं ऐकवत नसे.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप मशिनशॉपमध्येच होता. मधोमध शाल टाकलेली एक खुर्ची, भोवती सगळे उभे. "साहेब, बसा की!" माणसं ओरडत होती. साहेब खुर्चीची पाठ धरून उभेच.

"तुमी बसल्याबिगर मी कसा बसू?"

मग एकेक जण त्या तेलकट फरशीवरच मांडी घालून बसला. तेव्हा साहेब खुर्ची सोडून त्यांच्यात येऊन टेकले. थोड्या वेळानं भोंगा झाला, आणि सगळे उठून आपापल्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले.