मामांचे डोळे आणि मामांची बोटं

टॉवेलावरून बोटं फिरवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बोटाला कळतं की. डोळं नुसतं साक्षीला." भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात माल तपासणारे मामा दिवसातून शंभरदा तरी असं करायचे. मी शेजारच्या टेबलावर, पॅकिंगला. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हाताखालून गेलेला माल कुणी पुन्हा उघडून बघत नाही. आमच्याकडे ते मामा.

घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि रागावले की दोन्ही. मधुमेह जुना. बिनसाखरेचा चहा आला की टपरीवाल्याला ऐकवायचे, "साखर मला हाय आन् चहाला न्हाय, ह्यो कुटला न्याय?"

मग त्यांचे डोळे चुरचुरायला लागले. सकाळी पापण्या चिकटायच्या, दिवसभर पाणी गळायचं. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. मामा हसतच परत आले. "पानी थांबंना, आन् म्हणत्यात कोरडं!" चिठ्ठीमागे लिहिलेलं मी वाचून दाखवलं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, मधुमेहात त्या तुंबू शकतात. तेल कमी पडलं की डोळ्यातला ओलावा उडून जातो, डोळा चुरचुरतो आणि उलट जास्तच गळतो. उपाय साधा होता. रोज कोमट फडक्याचा दहा मिनिटं शेक, मग पापण्या हलक्या हातानं चोळायच्या.

टॉवेलाच्या माणसाला शेक काय शिकवायचा, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मामा आले ते दोन्ही पापण्या भाजून घेऊनच. मी ओरडलेच, "अहो, किती गरम आहे ते हाताला कळलं नाही का?"

मामा हळूच म्हणाले, "न्हाई कळलं, ताई. साखरेनं बोटं मेली की माजी. चार वर्सं झाली."

म्हणजे चार वर्षं हा माणूस आधी चोरून बघून घेत होता आणि मग डोळे मिटत होता! मला हसू आलं आणि लगेच गलबलूनही आलं. आता डोळे गेले असते तर उरलं काय?

"कुणाला बोलू नका. टेबल जाईल माजं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी शब्द दिला.

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत शेक मीच द्यायला लागले. फडकं आधी माझ्या मनगटावर, मग त्यांच्या डोळ्यांवर. फडक्याखालून मामा हातमागाच्या दिवसांच्या गोष्टी सांगायचे. एकदा म्हणाले, "लई बरं वाटतं ताई. ह्या धा मिन्टात मला काय बी तपासावं लागत न्हाई."

डोळे निवळले. मामा आणखी दोन वर्षं टेबलावर टिकले. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

गेल्या पावसाळ्यात आठवडाभर ते आले नाहीत, आणि मग एकदम ते गेल्याचाच निरोप आला. मी घरी गेले तर वडलांना 'नायना' म्हणणारी त्यांची लेक गळ्यात पडून रडली. "नायनांच्या तळपायात खिळा रुतला होता, मावशी. पाय सडला तरी चालतच होते. एवढं दुखत असताना सांगितलं का नाही हो कुणाला?"

दुखलंच नसणार त्यांना. जिथे बोटं मेली, तिथे पाय काय जिवंत राहणार? बोटांचं घरच्यांच्या, डॉक्टरांच्या कानावर घालायला माझ्याकडे दोन वर्षं होती. मी त्यांचं टेबल वाचवत बसले.