ग्रीककाकांची एकुलती श्रोती

ज्या भाषेत आपल्याला कोणी भाजीसुद्धा विकणार नाही, ती भाषा शिकणारा माणूसच खरा सुसंस्कृत, असं अमेरिकेतल्या बॉथेल गावचे ग्रीककाका म्हणत. निवृत्त होऊन नागपूरहून मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता, हे मात्र ते म्हणत नसत.

त्यांचा मुलगा चिन्मय माझ्या ऑफिसात. त्याचं एलेनी या ग्रीक वंशाच्या मुलीशी लग्न ठरलं. तिच्या घरच्या याया, म्हणजे आजी, ग्रीकशिवाय काही बोलत नाहीत हे कळताच काकांनी जाहीर केलं, "मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलेन. दोन प्राचीन संस्कृतींची भेट आहे ही." आम्ही इतके दिवस ते चिन्मयचं लग्न समजत होतो.

"बाबा, फोनवर ॲप आहे यार. रोज पाच मिनिटं प्रॅक्टिस करा."

"ते कॉफी मागायला शिकवतं. मी मूळची ग्रीक शिकणार."

मूळची म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. शिकवायला ग्रीक चर्चमधले एक निवृत्त फादर मिळाले. ही भाषा आता फक्त प्रार्थनेत उरलीय, असं त्यांनी बजावलं होतं. काका म्हणाले, "म्हणजे शुद्ध राहिलीय." सोबत त्यांनी पांढरी दाढी वाढवली, तत्त्वज्ञांना असते म्हणून.

प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला काका ग्रीक सुभाषित म्हणू लागले की लोक बटाटेवडे घेऊन गॅरेजमध्ये जात. घरी काकू पहिल्याच वाक्याला मिक्सर लावत. "एक माणूस," काका एकदा मला म्हणाले, "समजणारा फक्त एक माणूस पाहिजे रे." तेवढं वाक्य त्यांनी भाषणाच्या सुरात म्हटलं नाही.

लग्नात काळा, गुडघ्यापर्यंतचा बंदगळा घालून ते यायांच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि स्वागताची पाच वाक्यं खणखणीत म्हणाले. याया धडपडत उठल्या, काकांच्या हाताचं चुंबन घेऊन रडू लागल्या. काकांचेही डोळे भरले. "बघा! कळलं त्यांना!"

"शी थिंक्स ही इज अ प्रीस्ट," एलेनी आमच्या कानात म्हणाली. "प्लीज, डोन्ट टेल हर. शी इज सो हॅपी."

काकांना आम्ही महिन्याभराने सांगितलं. "श्रोत्याचा गैरसमज हा वक्त्याचा दोष नसतो," ते म्हणाले, आणि दर रविवारी यायांकडे जाऊन सुभाषितं म्हणत राहिले. याया डोळे मिटून ऐकत.

मागच्या हिवाळ्यात याया अंथरुणाला खिळल्या. चर्चमधून आलेल्या तरुण पाद्र्यांना त्यांनी परत पाठवलं. माझे फादर येतील, म्हणाल्या. पापांची कबुली द्यायची होती. काका आत गेले, दार लागलं. दोन तास फक्त यायांचा आवाज येत होता. मध्ये त्या रडल्या, एकदा चक्क हसल्या. काका बाहेर आले तेव्हा यायांना शांत झोप लागली होती. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

अंत्यविधीहून परतताना गाडी मी चालवत होतो. चिन्मयने मागे वळून विचारलं, "बाबा, त्या दिवशी काय सांगितलं हो त्यांनी?"

"एक अक्षर कळलं नाही," काका म्हणाले. "फार भरभर बोलत होत्या."