शेजारणीच्या पाच कुंड्या आणि माझा जळफळाट

तमाम मराठी जनांस कळवण्यात येते की, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या आल्मेरे या सरळमार्गी गावात, दोन वेळचं जेवण, स्वतःचं घर आणि रेल्वेचा पास असं सगळं व्यवस्थित असताना, मी पाच झाडांचा मत्सर केला. झाडं गांजाची होती. मत्सर मात्र शुद्ध शाकाहारी होता, याची नोंद घ्यावी.

आमच्या शेजारी एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या डच बाई एकट्या राहतात. आमची मागची बाग आणि त्यांची मागची बाग यांच्यामध्ये माझ्या हनुवटीएवढं लाकडी कुंपण आहे. दर उन्हाळ्यात बाई त्या कुंपणापलीकडे पाच मोठ्या कुंड्या मांडतात. सहावी कधीच नाही. घरच्यापुरती पाच झाडं असली आणि कुणाची तक्रार नसली, तर इथे सहसा कुणी तिकडे बघत नाही, आणि बाई हिशेबाला पक्क्या. त्यांना झोप लागत नाही. त्या झाडांचं तेल काढून वर्षभर पुरवतात.

या घरात आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मला यातलं काहीही माहीत नव्हतं. कुंपणावरून मला फक्त हाताच्या बोटांसारखी पसरलेली हिरवीगार पानं दिसली आणि माझं माहेर डोळ्यांपुढे उभं राहिलं. अंबाडी! किती वर्षांत अंबाडीची भाजी खाल्ली नव्हती. मी कुंपणावर हनुवटी टेकवली आणि अत्यंत गोड इंग्रजीत बाईंकडे एक जुडी मागितली. तांदळाच्या कण्या घालून शिजवीन, वरून लसणाची फोडणी देईन आणि संध्याकाळी बारा पाहुणे आहेत त्यांना वाढीन, हेही सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे फार आदरानं पाहिलं. "बाराच्या बारा जणांना?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून आमचे संबंध उत्तम. मी त्यांना दिवाळीत चकल्या देते, त्या मला नाताळात बदामाचा केक देतात. त्यांच्यावर कधी जळावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मग एका वसंतात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीची फेररचना झाली आणि त्याची जागाच राहिली नाही. इतकी वर्षं त्याचं काम एकच होतं: कुठली सिस्टिम बंद पडली की ती का पडली, हे शोधून काढायचं. त्यात तो पटाईत होता. पण शेवटच्या महिन्यात त्यानं शोधलेलं एक कारण चुकीचं निघालं आणि त्यानंतर काही आठवड्यांनी हे फेररचनेचं पत्र आलं. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं सगळे म्हणाले. तो सोडून सगळे.

तो घरी बसला आणि बोलायचा थांबला. भांडला असता तर मी आनंदानं भांडले असते, मला ते जमतं. पण "चहा?" "हं." "बटाटा करू की फ्लॉवर?" "काहीही." अशा संवादावर आम्ही चार महिने काढले. मी आठवड्यातून तीन दिवस अ‍ॅमस्टरडॅमला कामाला जाते. संध्याकाळी परतले की तो सकाळी सोडला होता त्याच खुर्चीत असे. मी स्वयंपाकघरातल्या गॅसशीही त्याच्यापेक्षा जास्त बोलत होते.

आणि जुलैमधल्या एका शनिवारी मला बागेतून त्याचा आवाज ऐकू आला. पूर्ण वाक्यं! कर्ता, कर्म, क्रियापद! मी कणकेचे हात तसेच घेऊन दाराशी धावले. तो कुंपणावर ओणवा होऊन पलीकडच्या बाईंशी बोलत होता.

"आधी कुठली पानं पिवळी पडली? खालची की वरची?"

"खालची," बाई म्हणाल्या.

"अख्खी पिवळी, की मधल्या शिरा हिरव्या राहिल्यात?"

"थांब, चष्मा आणते."

बाईंनी चष्मा आणला. शिरा हिरव्या होत्या. मग तो पंधरा मिनिटं बोलला. अख्खं पान पिवळं पडलं तर नायट्रोजन कमी, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर बहुतेक मॅग्नेशियम, आणि वरची कोवळी पानं आधी पिवळी पडली तर गोष्ट आणखी वेगळी. एका रात्रीत त्यानं हे सगळं वाचून काढलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी बाईंनी नुसतं "माझी झाडं आजारी दिसतात" असं म्हटलं होतं.

मी दारात उभी. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन वर्षं एक कढीपत्ता कावीळ झाल्यासारखा उभा आहे. त्याच्या शिरांची कुणी चौकशी केली होती?

दुसऱ्या दिवशी मी तो कढीपत्ता मुद्दाम जेवणाच्या टेबलावर, अगदी मधोमध ठेवला. नवऱ्यानं तो अलगद उचलून बाजूला सरकवला आणि त्या जागी लॅपटॉप ठेवला. त्याला बाईंच्या झाडांचं शीट करायचं होतं.

मग रोज सकाळी तो कुंपणाशी. बाई पान उलटं करून दाखवायच्या, हा भिंग घेऊन बघायचा. दोघं हसायचे. मी आतून भांडी आपटायचे. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझा नवा चष्मा सहा आठवड्यांनी ओळखला होता, आणि इथे एका पानाच्या टोकाला मोहरीएवढा तपकिरी ठिपका आला तर त्याला रात्रभर चैन नव्हतं. तो पुन्हा माणसात आला याचा मला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. फक्त तो माझ्यामुळे आला नव्हता, हे मला गिळवत नव्हतं.

ऑगस्टमध्ये बाई दहा दिवसांसाठी ग्रोनिंगनला मुलीकडे निघाल्या. झाडं अर्थातच नवऱ्यावर सोपवली. त्यानं पाचही कुंड्या हातगाडीवरून आमच्या बागेत आणल्या आणि भिंतीशी ओळीनं मांडल्या. शेजारी माझी तुळस.

"मी त्या गांजाला हात लावणार नाही," मी जाहीर केलं.

"नकोच लावूस," तो म्हणाला.

पाणी घालायची त्याची पद्धत ऐकण्यासारखी होती. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोच्या आत आहेत का, हे बघायला आपण तो हातात धरायचा काटा वापरतो ना, त्याला तो रोज दुपारी एकेक कुंडी टांगायचा. वजन शीटमध्ये लिहायचा. कुंडी हलकी झाली तरच पाणी, नाहीतर नाही. "माती वरून कोरडी दिसते, त्यावर जायचं नाही," तो मला म्हणाला. चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य, आणि तेही झाडांबद्दल.

आता माझं ऐका. मी सकाळी सहाला आंघोळ करते आणि तांब्याभर पाणी तुळशीला घालते. हे मी पुण्यात करत होते, इथेही करते, उणे तापमान असलं तर खिडकीतल्या तुळशीला घालते. पहिल्या सकाळी तांब्या तुळशीवर ओतला आणि शेजारची पाच झाडं माझ्याकडे बघत राहिली. पंगतीत सहाजण बसलेत आणि एकालाच वाढायचं? असा पंक्तिप्रपंच आमच्या घरात कुणी केला नाही. मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि प्रत्येकाला एकेक तांब्या वाढला.

हे झालं संस्काराचं. उरलेलं खरं कारणही सांगते. माझ्या मनात होतं की बाई परत येतील, झाडं दुप्पट वाढलेली बघतील आणि म्हणतील, कुणाच्या हाताचा हा गुण? तेव्हा मी फक्त खाली बघून हसेन.

नवरा आठला उठायचा. त्याला काही कळलं नाही.

आठवडा ढगाळ आणि गारठ्याचा होता, पण पाऊस नव्हता. चौथ्या दिवशी झाडांनी माना टाकल्या. तहान लागली असणार, म्हणून मी पाचव्या सकाळपासून दोन-दोन तांबे केले. झाडं आणखीच वाकली. पानं सुकून कागदासारखी होतात तशी नाही, चांगली टरटरीत आणि तरीही देठापासून खाली झुकलेली. खालची पिवळी पडायला लागली. नवऱ्याला वाटलं, उपाशी आहेत. त्यानं थोडं खत दिलं. दोन दिवसांत पानांची टोकं करपली.

"वजन वाढतंय," तो काटा हातात धरून पुटपुटला. "कमी व्हायला पाहिजे ते वाढतंय. रात्री पाऊस पडला का गं?"

"इथल्या पावसाचा काय नेम," मी म्हणाले. हे वाक्य खोटं नाही. पण त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं, आणि मी तांब्या पाठीमागे धरला.

त्यानं वरून बॅग आणली, त्यात आमच्या पिठाच्या डब्यातलं मोजलेलं पीठ भरलं आणि काटा तपासला. काटा बरोबर होता.

"म्हणजे मीच चुकतोय," तो म्हणाला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पाणी त्याच दिवशी बंद केलं, पण तोंड उघडलं नाही. का, तेही सांगते. बाई दूर होत्या आणि नातवंडांच्या गडबडीत फोन उचलत नव्हत्या. त्यामुळे त्या संध्याकाळी नवरा लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्या! पानांचे फोटो मोठे करून दाखवले. "तुला काय वाटतं?" असं त्यानं मला विचारलं. मी कांदा चिरता चिरता तज्ज्ञासारखी मान हलवली आणि म्हणाले, "मला वाटतं मुळांना हवा मिळत नाहीये." तो माझ्याकडे बघतच राहिला. "बरोबर," तो म्हणाला. "मुळं बुडाली की अन्न असून घेता येत नाही. पण बुडतील कशी?" आम्ही दोन तास बोललो. मला एवढं छान कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. आजारी झाडांनी माझा नवरा मला परत आणून दिला होता, आणि त्यांचा आजार मीच केला होता. सांगा, अशा वेळी कोण तोंड उघडेल?

रविवारी बाई परतल्या. मागच्या फाटकातून सरळ आमच्या बागेत आल्या आणि झाडांपुढे उभ्या राहिल्या.

"वाईट दिसतात," त्या म्हणाल्या. इथे लोक असं तोंडावर सांगतात, त्यात राग नसतो. त्यांनी एक कुंडी जराशी कलती केली, मातीत बोट खुपसलं आणि वास घेतला. "फार पाणी घातलंस तू."

"दहा दिवसांत दोनदाच घातलं," नवरा म्हणाला.

"मग मोजायला चुकलास."

बाईंनी ते सहज म्हटलं. पण नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. ज्या दिवशी ते पत्र आलं त्या दिवशीचा चेहरा. तो अगदी शांतपणे म्हणाला, "हो. माझीच चूक. मला आता पूर्वीसारखं दिसत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला सांगा."

आणि तो आत जायला वळला. मला दिसलं की तो त्याच खुर्चीकडे निघाला आहे.

"अरे, थांब!" मी ओरडले. "तू नाही चुकलास. मी घालत होते."

"काय?"

"पाणी. रोज सकाळी. तुळशीबरोबर."

"किती?"

"एकेक तांब्या. मग माना टाकल्या म्हणून दोन-दोन."

"दोन-दोन कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण तो धावत आत गेला, लॅपटॉप घेऊन आला, आणि बोट सरकवत एका ओळीवर थांबला. "हे बघ! पाचव्या दिवसापासून उडी! तेव्हाच म्हटलं मी! काटा बरोबर, वजन बरोबर, मीही बरोबर!" तो पायरीवर बसला आणि हसायला लागला. खांदे गदगदा हलेपर्यंत हसला. बाईंना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. आता खत नाही, पाणी नाही, माती वाळू द्यायची, तीन झाडं तरी नक्की वाचतील. मग माझ्याकडे वळून एकदम मराठीत म्हणाला, "पण का गं? हात लावणार नाही म्हणाली होतीस."

"पंगतीत असं एकालाच वाढणं..." मी सुरू केलं.

"खरं सांग."

"चार महिने माझ्याशी बोलला नाहीस," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला नको तितका वर गेला. "आणि यांच्याशी पानापानावर बोलत होतास!"

तो बाजूला सरकला आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको नको म्हणत होते. पण सव्वीस वर्षांत त्यानं माझं कधी ऐकलंय? "तिला तुमचा मत्सर वाटतो," त्यानं शब्दशः सांगून टाकलं. "माझ्यावरून."

बाईंच्या हातातलं पिवळं पान खाली पडलं. चेहरा आधी लाल झाला, मग अठरा वर्षांच्या मुलीसारखा फुलला, आणि त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की पलीकडच्या घरातली खिडकी उघडली:

"माझा? या वयात? नवऱ्यावरून? थांबा, कुणी हलू नका, मला आधी मुलीला फोन करू दे!"