उद्घाटक रांगेत बसत नाही

माझ्या मोठ्या भावाला आयुष्यात किती शाली मिळाल्या, हे वहिनीने कपाट आवरलं तेव्हा आम्हाला कळलं. त्यातली एकही पांघरण्याच्या कामाची नव्हती.

दादा फुलशेती करायचा. नाशिकपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. तिथे त्याचा झेंडूचा आणि गुलाबाचा मळा. पहाटे पंचवटीत फुलं पोचवून नऊच्या आत तो घरी परतलेला असे. पुढे तो गावच्या सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि कार्यक्रम कुठलाही असो, स्टेजवर त्याची खुर्ची ठरून गेली. हार बहुधा त्याच्याच मळ्यातल्या फुलांचा असे. सकाळी पाठवलेली फुलं दुपारी त्याच्याच गळ्यात येऊन पडायची. तुझ्या मालाला तूच गिऱ्हाईक, असं मी एकदा म्हणालो, तर ते त्याने पुढे चार जणांना सांगितलं. मी शहरात कॉलेजात शिकवायचो म्हणून तो मला 'प्राध्यापक' म्हणायचा. त्यात आदर थोडा आणि टोमणा जास्त असे.

माझी प्रत्येक चेष्टा मात्र इतकी निरुपद्रवी नव्हती.

आम्ही एका लग्नाला सटाण्याला निघालो होतो. तेव्हा दादाने पासष्टी ओलांडली होती. सटाणा येईपर्यंत त्याने चार वेळा गाडी थांबवायला लावली. बाभळीआड जायचा आणि बराच वेळ यायचा नाही. चौथ्या वेळी तो येऊन बसला तेव्हा मी म्हणालो, "दादा, या रस्त्याला तुझ्या हस्ते एखाद्या मुतारीचं उद्घाटन करून टाकू." गाडी हसली. तोही हसला. लग्नात त्याने पाण्याला तोंड लावलं नाही.

त्यानंतर त्याने लांबचा प्रवास बंद केला. कधी मळ्याला पाणी द्यायचं असायचं, कधी फवारणी. गावातल्या कार्यक्रमाच्या दिवशी तो सकाळपासून चहासुद्धा घ्यायचा नाही, स्टेजवरून मधेच उठावं लागू नये म्हणून. मला वाटलं, वयाबरोबर माणूस मिताहारी होतो आहे. तसं मी त्याच्याबद्दल कौतुकाने लोकांना सांगितलंही. शिकलेल्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलो तर ही पहिली येईल.

पुढच्या हिवाळ्यात गावात साठीपुढच्या पुरुषांसाठी लघवीच्या तक्रारींचं शिबिर ठरलं. शहरातून डॉक्टर येणार होते. उद्घाटक अर्थातच दादा. भाषण मी लिहून दिलं. पुरुषमाणूस बैलाच्या खुराची जितकी काळजी घेतो तितकी स्वतःची घेत नाही, लाज ही औषध नसलेली गोष्ट आहे, वगैरे. त्याने ते असं वाचलं की खालची म्हातारी माणसं माना डोलवू लागली. डॉक्टर साधे गृहस्थ होते. ते म्हणाले, "वयाबरोबर प्रोस्टेटची गाठ बहुतेकांची वाढते. प्रत्येकाची वाईट नसते. पण कुठली वाईट, हे घरी बसून कळत नाही."

दीपप्रज्वलन झालं, शाल झाली, नारळ झाला. पुरुष मारुतीच्या सभामंडपात रांगेने बसले. कागद वाटणाऱ्या मुलीने दादालाही कागद दिला. त्याने तो घडी करून माझ्या हातात ठेवला.

"अध्यक्षच रांगेत बसला तर गाव म्हणंल, ह्याच्यासाठीच शिबिर ठेवलं. मला काय व्हायचं हाय, प्राध्यापक?"

मी आग्रह केला नाही. मला पाचच्या आत नाशिकला परतायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटलं होतं. समारंभांची मी आयुष्यभर टिंगल केली, पण उद्घाटक रांगेत बसत नाही हा त्यांचा नियम मीही मानत होतो. आमच्या गल्लीतल्या दोघांना त्या दिवशी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यातला एक आज रोज सकाळी फिरायला जातो. रस्त्यात भेटला की दादाच्या भाषणाची आठवण काढतो. मी ऐकून घेतो.

उन्हाळ्यात दादाची कंबर धरली. फुलांची क्रेट उचलून लचक भरली, असं सगळ्यांनी ठरवलं. आधी तेल लावलं, मग पट्टा बांधला, मग इगतपुरीकडचा एक हाड बसवणारा झाला. पट्टा बांधून तो आणखी तीन कार्यक्रमांना बसला. शेवटी पाय उचलेना तेव्हा मी त्याला शहरात आणला. रक्ताचा रिपोर्ट, मग स्कॅन. आजार प्रोस्टेटमध्ये सुरू होऊन मणक्यापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी विचारलं, लघवीचा त्रास कधीपासून? उत्तर दादाऐवजी वहिनीने दिलं. तीन वर्षांपासून. आपण किती वेळा उठतो हे तिला कळू नये म्हणून तो फुलांच्या शेडमध्ये झोपायला लागला होता. तिला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

बाहेरच्या बाकावर मी तिला विचारलं, कुणाला बोलली का नाहीस.

"त्यांनी शपथ घातली होती. आणि भाऊजी, मला वाटलं, तुम्ही गाडीत बघितलंय, तुम्ही बोलाल. तुम्ही तर हसलात."

ती रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

इंजेक्शनांनी दीड वर्ष मिळालं. त्यातलं पहिलं वर्ष बरं गेलं. तो काठी घेऊन मळ्यात बसायचा आणि मजुरांना चुका दाखवायचा. गाडीतल्या चेष्टेबद्दल मी त्याची माफी मागायला गेलो, तेव्हा त्याने मला गुलाबावर पडलेल्या रोगाबद्दल विचारलं, ज्यातलं मला काही कळत नाही. मग आम्ही गुलाबाबद्दलच बोललो. माफी राहून गेली.

वर्षश्राद्धाच्या सुमारास सोसायटीने त्याच्या स्मरणार्थ तसंच शिबिर ठेवलं. त्याच मंडपात स्टेज होतं, आणि उद्घाटक म्हणून मला बोलावलं होतं. दिवा लावला. शाल घेतली, कारण नको म्हणण्यात त्या दिवशी जास्त दिखावा झाला असता. भाषण केलं नाही. खाली उतरून रांगेच्या शेवटी बसलो. नवा अध्यक्ष लगबगीने आला आणि कानाशी म्हणाला, सर, तुम्हाला आधी सोडतो आत. मी नको म्हणालो. पुढच्या दोघांनी वळून पाहिलं आणि मग ते आपापले कागद भरू लागले.

माझा नंबर यायला तास गेला. डॉक्टर पहिल्या शिबिरातलेच होते. त्यांनी मला ओळखलं नाही. वय विचारलं, किती वेळा उठता ते विचारलं, धार कशी आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं. मग ते कागदावरून नजर न काढता म्हणाले,

"घरात कुणाला होता का हा आजार? वडील, भाऊ?"

खांद्यावरची शाल सरकून खाली पडली होती, ती मी उचलून मांडीवर घेतली.

"मोठ्या भावाला," मी म्हणालो.

"त्यांची तपासणी कधी केली होती?"