शांती देताना

सिएरा लिओनमधल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मिस्साची उपासना चालू होती. फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." म्हणजे जवळच्या माणसाचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणायचं. माझ्या शेजारी मार्था होती. यादवीत तिच्या नवऱ्याला घरातून ओढत नेणारा माणूस त्या दिवशी आमच्या मागच्या बाकावर येऊन बसला होता. आता ही किंचाळेल की काय?

मार्था वळली. एका हाताने बाक घट्ट धरून तिने दुसरा पुढे केला. त्याने तो बोटांच्या टोकांनीच धरला आणि लगेच सोडला. माझ्या गावी, वसईत, मी ही शांती कितीदा हसत हसत दिली होती. त्या शांतीत एवढी भीती मावते, हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भीती गेली का गं?"

"कशी जाईल, सिस्टर? उद्या विहिरीवर तो पुन्हा भेटेल."