रंभाबाईंनी मोजायला लावलेला काठ

देवाची भांडी चिंचेनं घासत होते. समई उजळली होती, ताम्हन अजून काळंच होतं. तेवढ्यात तांडापेठेच्या विणकर रंभाबाई दारात. वीस वर्षं मी त्यांच्याच मागावरची लुगडी नेसते. लुगड्यांचा गठ्ठा न घेता त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी हातात विद्यापीठाचं पत्र होतं.

त्यांची नात पुष्पलता बी. कॉम.ला आहे, त्यांच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. एप्रिलमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. ला १२, पि ४, का २४, पि ४, ला १२. पेपरावर देखरेखीला असलेल्या ठोसर सरांनी ती सूत्रं ठरवली आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाले, मागावरच्या पोरी आता कॉपी करून बी. कॉम. होणार. चिठ्ठी होती लुगड्याच्या काठाची: लाल बारा तार, पिवळे चार, काळे चोवीस. पेपर सुटल्यावर इतवारी बाजारातून रंगीत सूत आणायचं म्हणून आजीनं सांगितलेलं तिनं लिहून घेतलं होतं. आता दोन वर्षं परीक्षेला का बंदी घालू नये, असं चौकशी समितीनं विचारलं होतं. दोन वर्षं घरी बसली की पोरीचं शिक्षण संपलंच.

शेजारचे भैयाजी म्हणाले, माफी लिहून द्या, सहा महिन्यांच्या बंदीवर निभेल. मीही तेच म्हटलं. क्षमा मागण्यात कमीपणा कसला?

"माफी चोर मागते, बाई. माह्या नातीनं काहून मागाव? तुमी लिहा, आमी येऊन राहिलो. लुगडं घेऊन येऊन राहिलो."

मी लिहिलं. चौकशीच्या दिवशी आजी-नातीसोबतही गेले.

टेबलामागं पाच साहेब, बाजूला ठोसर सर. रंभाबाईंनी फायलींवरच लुगडं पसरलं आणि कमरेच्या पिशवीतून तार मोजायची सुई काढली. अध्यक्षांनी हात पुढं केला, पण सुई त्यांना न देता बाईंनी ठोसर सरांपुढं धरली.

"यायले मोजू द्या, साहेब. यायले लई समजते."

सर मोजू लागले. दोनदा चुकले. दोन्ही वेळा बाईंनी पहिल्या तारापासून मोजायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "चष्मा पुसून घ्या, गुरुजी." बारा, चार, चोवीस, चार, बारा. अध्यक्षांनी आरोप खोडला आणि घरी जायला सांगितलं.

बाई उठेनात. वर्गादेखत चोर म्हटलं, तर वर्गादेखतच शब्द परत घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. ते आमच्याकडं येत नाही, वेगळा अर्ज करा, असं उत्तर मिळालं. ठोसर सर मिशीत हसले.

रिक्षात पुष्पलता म्हणाली, आजी, सुटलो ना, आता सोड.

"तो हसला वं," रंभाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी दिव्याजवळ बसून सरांसाठी सद्बुद्धी मागायला गेले. मागवेना. हात जोडलेले असतानाही मला त्यांची सुईनं पुन्हा पहिल्या तारापासून मोजणारी बोटंच दिसत होती आणि, खरं लिहिते, बरं वाटत होतं.

आज बाई पुन्हा आल्या होत्या. माझ्याकडून अर्ज दोन प्रतींत लिहून घेतला. सरांचं वर्गातलं वाक्य जसंच्या तसं घालायला लावलं. शेवटी मी 'कृपया' लिहिलं होतं, ते त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला सांगितलं.

उद्या सोमवार. रंभाबाई विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन अर्ज देतील आणि दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घेतील.