राहत्या घरी झालेली इजा

अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीत स्टीलच्या डब्यांची झाकणं बनायची आणि मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो. हजेरी, रजा आणि अपघाताची वही एवढं माझ्याकडे. हजेरी-रजेला डोकं लागत नसे. वहीत मात्र माझी प्रतिभा फुलली, कारण आमच्या शेठचा दंडकच होता की कंपनीत अपघात होत नाही. होतो तो कामगाराच्या घरी.

शेठ माणूस वाईट नव्हता. कुणाला लागलं की स्वतःच्या गाडीत घालून खाजगी डॉक्टरकडे न्यायचे, घरी सफरचंदं पाठवायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "लिख दे, घर पे हुआ." कंपनीत झालं असं लिहिलं की कागद कामगार विम्याच्या ऑफिसात जातो, फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जातो, आणि मग इन्स्पेक्टर मशीन बघायला येतो. त्यापेक्षा सफरचंदं सोपी.

पण नुसतं 'घरी पडला' लिहून मोकळं होणाऱ्यातला मी नव्हतो. एकाला मी गणपतीचं मखर करताना हातोडी मारली. एकाच्या पायावर माळ्यावरचं पिंप पाडलं. वांगणीच्या वेल्डरचे डोळे सुजले, तर त्याला शेतात मधमाश्या डसवल्या. वही वाचणाऱ्याला वाटलं असतं, बुवापाड्यापासून वांगणीपर्यंत एकही घर राहण्यालायक उरलेलं नाही. जीव सांभाळायचा तर माणसाने आमच्या कंपनीतच मुक्कामाला यावं.

मग बुवापाड्यातल्या एका प्रेस ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली. पत्र्यातून झाकणं दाबून काढणाऱ्या या प्रेसला, हात आत जाऊ नये म्हणून, जाळीचा गार्ड असतो. माल भराभर निघावा म्हणून तो काढून भिंतीशी उभा केला होता. माझ्या खिडकीच्या काचेतून ती प्रेस समोरच दिसते. चहाचा कप हातात असताना मी सगळं पाहिलं. तो ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला.

संध्याकाळी शेठ आले. त्या दिवशी मला काही सुचेना. मी लिहिलं, 'राहत्या घरी, सकाळी विळीवर भाजी चिरताना.' पुढे विम्याच्या दवाखान्याने विचारलं तेव्हा त्यांना पत्रही तसंच पाठवलं.

तीन आठवड्यांनी त्याची बायको कापडी पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. हातात माझं पत्र.

"हे तुम्ही लिहिलं? डॉक्टर बोलले, बोटं कामावर गेली असतील तर जन्मभर पेन्शन बसते. घरी गेली असतील तर काही नाही."

"वहिनी, कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे..."

"हे भाजी चिरतात?"

"कधीतरी मदत म्हणून..."

"चौदा वर्षं झाली लग्नाला. पाण्याचा ग्लास उचलला नाही माणसाने. भाजी चिरणारा नवरा तुमच्या वहीत राहतो होय? मग मला तिकडेच नांदवा की!"

मला राग आला. लाज वाटायला हवी होती, पण आधी रागच आला. इतकी वर्षं वही लिहिली, चूक काढणारा वाचक पहिल्यांदाच भेटला होता.

तिने पिशवीतून विळी काढून फरशीवर ठेवली. पाठोपाठ एक दुधी काढला.

"बसा. कसं लागतं ते दाखवा मला. तुम्हालाच माहितीये ना."

जन्मात मी विळीवर बसलो नव्हतो. पण वहीची इभ्रत पणाला लागली होती, म्हणून बसलो. पाय चुकीच्या बाजूला टाकला, तो तिने बदलायला लावला. पँट शिवणीत कुरकुरली. तेवढ्यात दारात शेठ.

"ये क्या चल रहा है?"

"अपघाताची चौकशी, शेठ," मी खालून म्हणालो आणि दुधी पात्यावर दाबला. पहिली फोड पडली. दुसऱ्या फोडीला माझा अंगठा गेला.

शेठनी धावत जाऊन प्रथमोपचाराची पेटी उघडली. तिच्यात त्यांच्याच मुलाच्या लग्नाची पत्रिका आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या निघाल्या. शेवटी वहिनींनीच रुमालाने अंगठा बांधला. बांधताना हळू आवाजात म्हणाल्या, "बघा साहेब. विळीचं लागणं असं असतं, सरळ, बारीक. ह्यांची बोटं चेपून सपाट झाली होती." मग खिडकीतून प्रेसकडे बघितलं. "इथून दिसत असेल तुम्हाला."

त्या शेठकडे वळल्या. "साहेबांच्या अंगठ्याचं आता कुठे झालं म्हणून लिहिणार?"

"उसमें क्या है," शेठ सवयीने म्हणाले, "लिख दे, घर पे..." आणि स्वतःच थांबले.

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी झालं असं मी लिहायचो, पण लागलेल्याच्या घरी कोण असतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मी वही ओढली. बोटांची जुनी नोंद आडव्या रेघेने खोडली आणि खाली लिहिलं, 'कंपनीत, पॉवर प्रेसवर काम करताना.' विम्याच्या ऑफिसचा आणि इन्स्पेक्टरचा, दोन्ही फॉर्म काढले. वहिनींनी एकेक अक्षर वाचलं.

"गार्ड नव्हता ते राहिलं."

तेही लिहिलं. साक्षीदाराचा रकाना माझ्या वहीत कायम कोरा असायचा. लोकांच्या घरात साक्षीला कुणाला पाठवणार? तिथे मी माझं नाव घातलं.

"सोच ले," शेठ म्हणाले.

"शेठ, काचेतून दिसतं," मी म्हणालो.

इन्स्पेक्टर आला, गार्ड बसले. शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, सफरचंद तर लांबच राहिलं. पण बरेच कागद फिरल्यावर त्या ऑपरेटरची पेन्शन बसली.

परवा अंबरनाथच्या भाजी मार्केटात वहिनी भेटल्या. पिशवीत पुन्हा दुधी होता. मी अंगठा मागे लपवला तशा हसल्या.

"तुमचं खरं झालं हो. हे आता भाजी चिरतात."

"विळीवर?"

"नाही, सुरीने. डाव्या हाताने. जाड जाड फोडी करतात. पण मी काही बोलत नाही."